मागचा जन्म नव्हे, मागची पिढी

पुनर्जन्मावरच्या थ्रिलरचा साचा आपल्याला पाठ आहे. नायकाला एकच स्वप्न वारंवार पडतं. कधी न पाहिलेल्या विहिरीच्या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटतो. डॉक्टर त्याला संमोहनात नेतात आणि कळतं, मागच्या जन्मी याच विहिरीत त्याला ढकललं होतं. खुनी सापडतो, नायक बरा होतो, पुस्तक मिटतं.

आपल्या अकीद्यात पुनर्जन्म नाही. तरीही आपली मुलंमुली अशा कादंबऱ्या रात्र जागून वाचतात. त्यात गैर काही नाही. पण या कथा आपल्याला इतक्या का भिडतात, हा प्रश्न विचारायला हवा. मला वाटतं, स्वतः न भोगलेल्या गोष्टीची भीती आपल्या ओळखीची आहे म्हणून.

मुदखेडपासून लातूरपर्यंत अनेक मुस्लिम घरांत ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटलं की थोरांचा आवाज खाली येतो. हकीकत सांगितली जात नाही, ताकीद मात्र मिळते: अंधार पडायच्या आत घरी ये, चौकात वाद घालू नको. कारण न कळता भीती तेवढी नातवापर्यंत पोहोचते. त्यासाठी मागचा जन्म लागत नाही, दादीचं गप्प बसणं पुरतं.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा आल्या आणि निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडलं ते पाहायला केंद्रानं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. त्यांच्या अंदाजानुसार कारवाईत आणि तिच्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरसोबत आपलं नांदेड आहे. प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्याचंही त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे ती विहीर नायकाच्या डोक्यात नव्हती, गावाच्या शिवारात होती. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो छापला गेला.

थ्रिलरला एक खुनी लागतो. १९४८ मध्ये तसा एकच खुनी सापडत नाही. सप्टेंबरच्या आधी रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. भारतात विलीन व्हावं असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनीच खून केला. पुढे त्याचा सूड निघाला तो रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्यांवरही. आणि याच अहवालात मुस्लिम विणकरांना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदू विणकरांचीही नोंद आहे. यातलं फक्त आपल्या सोयीचं पान वाचणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, इतिहास वाचत नाही. तो जखम राखून ठेवतो.

म्हणून माझी हरकत पुनर्जन्माच्या कल्पनेला नाही, तिच्या सोयीस्करपणाला आहे. ती गावाचं दुखणं एका माणसाचा आजार करून टाकते आणि एका खुर्चीत बसवून बरंही करते. पोलीस अ‍ॅक्शननंतर पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, कमाल अमरोहींचा ‘महल’ आला. त्यात मागच्या जन्मीची प्रेयसी शेवटी माळ्याची मुलगी निघते. जन्माची गोष्ट बनावट, महाल मात्र खरा. आपल्या लेखकांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीला आपल्या भीतीचा माग काढायचा असेल, तर तिला संमोहनतज्ज्ञाकडे नको, दादीच्या खाटेपाशी बसवा. तिथून तहसीलच्या जुन्या कागदांकडे आणि शेजारच्या हिंदू आजोबांकडे पाठवा. यापेक्षा थरारक कादंबरी कोणती असेल?

पण कादंबरीची वाट पाहायला वेळ नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या गावांत मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकतो. तो आपलाही दिवस आहे, सलाम करायलाच हवा. त्याच संध्याकाळी घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवा. गाव, नाव, कोण गेलं, कुणी लपवलं, कुणी भाकरी दिली, सगळं विचारा. नको म्हणाले तर तिथेच थांबा, त्यांच्या दुःखावर आपला हक्क नाही.

आणि सांगितलंच, तर पूर्ण ऐका. आपल्याला आवडणार नाही तो भागही.