देवाचा दरबार : साताऱ्यातील एका कुटुंबाची गोष्ट

१/ रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी (लोकमान्यांशी गल्लत नको) दोन विधाने वारंवार केली जातात. एक : ते मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले होते. दुसरे : अखेरीस संन्यास घेऊन ते ‘स्वगृही परतले’. साताऱ्यातील त्यांची अखेरची वर्षे या दोहोंनाही खोटे ठरवतात.

२/ टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या. सोवळेओवळे त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच, स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० साली राहुरीस दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक असते. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, ती माणसे आप्त झाली. धर्मांतराचा खरा कस चुलीपाशी लागला.

३/ परंतु नवे कुटुंबही निर्दोष नव्हते. मिशन हे मायबाप आणि देशी ख्रिस्ती ही लेकरे, अशी रीत पडली होती. भावंडांच्या नात्यात एकाने आयुष्यभर लेकरूच राहावे, हे टिळकांस मान्य नव्हते.

४/ त्यात वाटण्याही परकीय. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरा; सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले. त्या सेवेचे मोल कोणी नाकारू नये. तथापि एकाच कृष्णाकाठचे दोन ख्रिस्ती कोणत्या पंथाचे, हे अमेरिकेतील कोणती संस्था त्या गावी आली यावर ठरावे, हा विचित्र प्रकार होता.

५/ १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांचा हा बंधुवर्ग. बाहुले असे सूत्र तोडून उठत नाही.

६/ मग ते ‘परतले’ का? दरबाराच्या केंद्रस्थानी ख्रिस्तच होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. भगवी वस्त्रे, अभंग, कीर्तन ही त्यांची मायबोलीच होती. मायबोलीत प्रार्थना करणाऱ्यास ‘परतला’ म्हणणे, म्हणजे ती बोली एकाच धर्माची मालमत्ता मानणे होय.

७/ आक्षेप रास्त आहे : ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभे राहिलेले घर त्याच्यामागे खचते. ही त्या प्रयोगाची उणीव मान्य केलीच पाहिजे.

८/ पण प्रश्न टिकला. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा उत्तर हिंदुस्थानातील एका संयुक्त चर्चमध्ये एकत्र आल्या. टिळकांची पदे आजही मराठी उपासनेत गायिली जातात.

९/ आध्यात्मिक कुटुंबात कोण, हे जातीच्या पंक्तीने ठरवू नये आणि मिशनच्या नोंदवहीनेही ठरवू नये, हे दरबाराचे म्हणणे होते. टिळकांना आज ‘आपला’ वा ‘परका’ ठरवू पाहणारे दोन्ही पक्ष तीच नोंदवही पुन्हा उघडून बसले आहेत.