लघवीकडे लक्ष असू द्या
आमच्या उमरीत मुलाला जुलाब लागले की अजूनही एखाद्या घरात वडीलधाऱ्यांचा हुकूम सुटतो, "पाणी देऊ नका, पोट आणखी वाहील!" भगिनींनो, मला धास्ती वाटते ती जुलाबांपेक्षा या हुकमाची. पोट वाहतच राहते. अंगातले पाणी आटते आणि मूत्रपिंडांवर संकट येते.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजविले. शंभरात ३० दगावत, ते ४ च्या आत आले.

म्हणून जलसंजीवनीची पुडी घरात असावी. नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. दोन वर्षांखालील मुलास दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये.

लंगोट ६ तास कोरडा राहिला, डोळे खोल गेले किंवा मूल पेंगू लागले, तर तडक दवाखाना गाठावा. जुलाब सारे घर मोजते. लघवीही कुणीतरी मोजायला हवी.