चार हजार डाव खेळूनही रेटिंग का वाढत नाही?

मागच्या महिन्यात ओपीडीत सोळा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, अशा तक्रारी होत्या. रक्तदाब, डोळे, हिमोग्लोबिन सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. मग वडील म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. पत्ते खेळत असता तर फोन काढून घेतला असता. बुद्धिबळाला नाही कसं म्हणायचं?” मुलगा मान खाली घालून बसला होता. तो एवढंच बोलला, “सर, सहा महिन्यांत चार हजार डाव खेळलो. रेटिंग होतं तिथंच आहे.”

डोकेदुखीचं कारण मला कळलं होतं. पण त्याचा प्रश्न त्याहून मोठा होता. इतका सराव करून माणूस सुधारत का नाही?

हा प्रश्न आता अनेक घरांत आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो जलद डावांत. तेव्हापासून ‘जलद खेळ’ हा शब्द घराघरांत पोचला. पण जलद म्हणजे किती जलद? जागतिक स्पर्धांत जलद डावाला प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जास्तीचे मिळतात. अतिजलद डावाला तीन मिनिटं आणि दोन सेकंद. मोबाइलवर मुलं खेळतात ते बहुतेक तीन मिनिटांचे, कधी एका मिनिटाचे डाव.

इतक्या कमी वेळात चांगला खेळाडू काय करतो? तो आपल्यापेक्षा भराभर विचार करतो, असं आपल्याला वाटतं. संशोधन वेगळं सांगतं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात मोठ्या खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा ते पुढच्या फार जास्त चाली मोजत नव्हते, असं दिसलं. योग्य चाल त्यांना आधीच ‘दिसत’ होती. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक सोपा प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर कसलेला खेळाडू ती जवळजवळ तशीच पुन्हा मांडायचा. तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, की त्याची स्मरणशक्ती नवशिक्याच्या जवळपास यायची. म्हणजे ताकद ओळखीची होती. आईला बाळाच्या रडण्यावरून भूक लागलीय की पोट दुखतंय हे कळतं, तशीच.

ऑनलाइन वेगवान खेळाडूचं बलस्थान हेच. याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे केरळमधल्या त्रिशूरचा निहाल सरीन. २००४ चा जन्म, चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं त्यानं कुमारांची ऑनलाइन वेगवान बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये कोलकात्यात जलद प्रकारात तो पहिला आला. पण त्याच्याच पिढीतले गुकेश, प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगेसी पारंपरिक खेळाच्या क्रमवारीत त्याच्या पुढे निघून गेले. याचा अर्थ वेगवान खेळाडूला सावकाश खेळता येत नाही, असा मात्र नाही. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये दुसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण निहालनंच मिळवलं, आणि ते पारंपरिक डावांत. गुकेशचं चित्र उलटं आहे. जुलै २०२५ मध्ये झाग्रेबला जलद डावांत तो सगळ्यांच्या पुढे होता. अतिजलद डाव सुरू झाले आणि तो मागे पडला. एकूण विजेता ठरला मॅग्नस कार्लसन. खेळाडू तोच, स्पर्धाही तीच, फक्त घड्याळ बदललं.

आता दुबळेपणाकडे येऊ. ओळख जितकी पक्की, तितकी ती आंधळी करू शकते. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तरबेज खेळाडूंना एक कोडं दिलं. त्यात मात देण्याची एक सगळ्यांना पाठ असलेली युक्ती होती आणि तिच्यापेक्षा कमी चालींची दुसरी, अनोळखी वाटही होती. ओळखीची युक्ती सापडल्यावर खेळाडू म्हणत होते, “आणखी चांगलं काही आहे का ते शोधतोय.” पण त्यांच्या नजरेचा माग काढणारं यंत्र सांगत होतं, की डोळे त्याच जुन्या युक्तीच्या घरांवर फिरत आहेत. ते खोटं बोलत नव्हते. आपण शोधतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं.

ऑनलाइन खेळात या दोषाला आणखी खतपाणी मिळतं. तिथं ‘प्रीमूव्ह’ची सोय असते. समोरच्यानं चाल करण्याआधीच आपली चाल ठरवून ठेवायची. त्यानं अपेक्षित चाल केली, तर वेळ वाचतो. नाही केली, तर वजीर फुकट जातो.

हे वाचून हसू येत असेल, तर माझा एक प्रीमूव्ह सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली गोष्ट. वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला. जमिनीवरही गाद्या टाकलेल्या. शेतात काम करणारी एक बाई आली. चार दिवस ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी. तिचं बोलणं संपायच्या आत मी कागदावर डेंग्यू लिहून मोकळा झालो होतो. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. राउंडला आलेल्या वरिष्ठ मॅडमनी पडदा ओढून तिला नीट तपासलं आणि मला बोलावलं. काखेत विडीच्या चटक्यासारखी काळी खपली होती. स्क्रब टायफस. किडा चावल्याची ती खूण पहिल्या दिवशीही तिथं असणार. मी तिथं बघितलंच नव्हतं. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि बाई वाचली. पुढे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं सापडले, तेव्हा मला तीच बाई आठवत होती.

तोपर्यंत तापाचे हजारो रुग्ण मी तपासले होते. पण त्या मुलाच्या चार हजार डावांसारखंच ते होतं. घरी पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे मी क्वचितच शोधलं होतं. चूक कुठं झाली, हे कुणी दाखवलं नाही आणि आपणही पाहिलं नाही, तर सराव चुकीचीही सवय तितकीच पक्की करतो. बुद्धिबळपटूंवरच्या एका मोठ्या अभ्यासात, २००५ मध्ये, असं दिसलं की खेळाडूची ताकद किती स्पर्धा खेळला यापेक्षा एकट्यानं बसून किती गंभीर अभ्यास केला, याच्याशी जास्त जुळते. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बराच काळ संगणकाच्या मदतीपासून दूर ठेवलं होतं, तेही यासाठीच. उत्तर आयतं मिळालं, की डोकं शोधायचं थांबतं.

दुसरा शत्रू आहे राग आणि जागरण. हरलं की लगेच पुढचा डाव, हा ऑनलाइन खेळाचा सापळा आहे. समोर नवा खेळाडू दोन सेकंदांत हजर असतो. नाडी वाढलेली, हात थरथरतोय, आणि हरलेलं रेटिंग परत मिळवायचंय. अशा अवस्थेत ओळखीची पहिली चालच हातून जाते. शिवाय दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. ती तोडून केलेला सराव म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी भरणं.

त्या मुलाला मी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. पुढच्या बाजूला पाच ओळी लिहिल्या:

रात्री दहानंतर डाव नाही, फोन दुसऱ्या खोलीत.

सलग दोन डाव हरलास, की त्या दिवशी खेळ बंद.

दिवसाला तीन मिनिटांचे डाव पाचच. त्याशिवाय पंधरा मिनिटांचा एक.

प्रत्येक हरलेला डाव आधी स्वतः बघायचा, संगणक नंतर.

चूक कुठं झाली, हे एका ओळीत वहीत लिहायचं.

वडिलांना सांगितलं, फोन हिसकावू नका. वही मागा.

परवा तो पुन्हा आला. डोकेदुखी गेली होती. रेटिंग वीस-पंचवीसनं वाढलं होतं, म्हणजे फारसं नाही. पण त्यानं वही आणली होती. म्हणाला, “सर, मोजलं. एकवीस डाव हरलो, त्यातले तेरा घोडा मागे येऊन मारतो ते न दिसल्यामुळे. पुढे जाणारा घोडा दिसतो, मागे येणारा दिसतच नाही.” चार हजार डावांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता त्याला माहीत आहे, कुठं बघायचं.

बाहेर पाऊस होता आणि पुढचा रुग्ण तापाचा होता. मी त्याला म्हटलं, “शर्ट काढा, हात वर करा.”