शाळेने उंबरठा ओलांडावा

झाडाखाली भरणारी शाळा ही आपल्याकडे दीर्घकाळ दारिद्र्याची खूण मानली गेली. खोली नाही म्हणून वडाखाली, छप्पर गळते म्हणून देवळाच्या ओसरीवर वर्ग भरत. गावोगावच्या लोकांनी वर्गणी आणि श्रमदान यांतून खोल्या उभ्या केल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत उपयोगी पडेल अशी इमारत बंधनकारक केली. हे योग्यच झाले. परंतु इमारत आली आणि शाळेने बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवली. नाइलाजाने उघड्यावर बसणे वेगळे आणि विचारपूर्वक उघड्यावर शिकवणे वेगळे. हा भेद समजून घेण्याची आज गरज आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे उदाहरण घ्यावे. हा पठाराचा, अवर्षणप्रवण मुलूख. पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणे येथील घराघराला परिचित आहे. येथील विद्यार्थी मृदासंधारणाची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण शाळेमागच्या डोंगरावर खोदलेले समतल चर नेमके कशासाठी आहेत, हे त्याला सांगता येईलच असे नाही. ज्या भूमीवर तो उभा आहे, तीच त्याच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झाली आहे.

वास्तविक या तालुक्याइतके समृद्ध पाठ्यपुस्तक शोधूनही सापडणार नाही. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहा. प्रवाहाबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बेसाल्ट खडकात रांजणासारखे खोल खड्डे कोरले आहेत. नदीचे क्षरणकार्य फळ्यावर आकृती काढून शिकवण्यापेक्षा हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर, सुरक्षित अंतरावरून ते प्रत्यक्ष दाखवले, तर तो धडा जन्मभर पुसला जाणार नाही. टाकळी ढोकेश्वरचे शैव लेणे आणि त्यातील सप्तमातृकांचे शिल्प हा इतिहासाचा तास आहे. १२ नोव्हेंबर १८८० रोजी सेनापती बापट ज्या पारनेर गावात जन्मले आणि जेथील रस्ते त्यांनी पुढे हाती झाडू घेऊन स्वतः झाडले, त्या गावातील मुलांनी नागरिकशास्त्र केवळ बाकावर बसूनच शिकावे काय?

सर्वांत मोठा धडा अर्थातच पाण्याचा. याच तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले. त्यानंतर नालाबांध, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांतून त्या गावाचा कायापालट झाला. तेथील विद्यालयाने इतरत्र नापास ठरलेल्या मुलांना जवळ केले आणि पुस्तकी अभ्यासाला श्रमाची जोड दिली. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार दरवर्षी पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडतो. हेच गणित शाळेच्या अंगणात शिकवता येते. एक हेक्टर जमिनीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी मिळते. पर्जन्यमापक, गावातील विहिरीची पातळी आणि एक वही एवढ्या साहित्यावर क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी आणि आलेख हे सारे शिकून होते. असे गणित सोडवलेला मुलगा उद्या शेतात कोणते पीक घ्यावे, याचा निर्णयही अधिक डोळसपणे घेईल.

ही कल्पना परकी नाही. आश्रमीय गुरुकुलांची परंपरा सर्वज्ञात आहे. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात वृक्षांच्या छायेत शाळा सुरू केली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. वनवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा म्हणजे उणिवेतून केलेली तडजोड नव्हती. बालकाचे जीवन जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हा तो विचार होता.

आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. चीनमधील ग्वांगझो शहरात काही शाळांनी मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक वेळ मोकळ्या उजेडात नेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत त्या शाळांतील सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. भ्रमणध्वनीच्या पडद्याला खिळलेल्या पिढीच्या पालकांनी यावर अवश्य विचार करावा.

आक्षेप येतीलच. अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, उन्हाचे काय, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? हे प्रश्न रास्त आहेत. आधीच अध्यापनेतर कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक उपक्रम लादला, तर त्याची सहल होईल नाही तर कागदी अहवाल. म्हणून बाहेरचा तास हा वेगळा उपक्रम न ठरता वेळापत्रकातील नेहमीचाच तास असावा. आठवड्यातून एक, सकाळच्या वेळी, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ठरलेल्या धड्यासाठी. सोबत गावातील एखादा जाणता शेतकरी, गवंडी किंवा निवृत्त शिक्षक असावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत. त्यांचा आरंभ आपल्याच गावच्या ओढ्यापासून करण्यास कोणाची हरकत असणार?

गाव सोडून जाणाऱ्या तरुणाला अडवता येणार नाही आणि अडवूही नये. मात्र आपण काय सोडून चाललो आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ज्याला आपली माती वाचता येते, तोच कधीतरी तिच्याकडे परततो आणि परतल्यावर तिच्यासाठी काही करू शकतो. देशभक्तीचे धडे पुस्तकात पुष्कळ आहेत. देशाची ओळख मात्र शाळेच्या उंबरठ्यापलीकडे आहे.