चेहरा आणि पार्श्वभूमि

चेहऱ्याचें छायाचित्र घ्यावयाचें तर लांब पल्ल्याचें व मोठ्या छिद्राचेंच भिंग हवें, असा आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचा हट्ट असतो. कॅनन कंपनीनें १९९६ सालीं काढलेलें १३५ मिलिमीटरचें एफ/२ भिंग त्यांस विशेष प्रिय. त्याचे गुण आम्हांसही मान्य आहेत. छायाचित्रकारास पांच हात दूर उभें राहावें लागतें. त्यामुळें जवळून टिपतांना नाक जसें फुगल्यासारखें दिसतें, तसें दिसत नाहीं. (हा गुण वस्तुतः अंतराचा, पण श्रेय भिंगास मिळतें!) लाजरें माणूसही दुरून मोकळें होतें आणि तिन्हीसांजेच्या उजेडांतही काम भागतें.

परंतु वजन पाऊण किलो, आणि हाताचा कंप सांवरणारी योजना त्यांत नाहीं. छिद्र पूर्ण उघडलें असतां त्या अंतरावर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट उमटते. मान किंचित वळली कीं एक डोळा रेखीव, दुसरा धूसर.

आमची मुख्य तक्रार मात्र निराळी आहे. आमच्या आजीचें छायाचित्र आम्हीं याच भिंगानें घेतलें. मागची ओटी, झोपाळा, कोनाड्यांतला दिवा, सर्व धुक्यांत विरलें. आम्हांस त्याचें कौतुकच वाटलें. पुढें तें घर पाडलें. आतां आजी तें चित्र डोळ्यांजवळ धरून ओटी शोधीत बसते. पन्नास मिलिमीटरचें साधें भिंग त्या दिवशीं आमच्या पिशवींतच होतें.