आधी खोली की आधी शिष्यवृत्ती?

गोदाकाठच्या मंचेरियलहून चंद्रपूर-नागपूरच्या महाविद्यालयात बदली घेऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे विलक्षण पेच उभा राहतो. खोलीची अनामत आज भरावी लागते. शिष्यवृत्ती मात्र प्रवेश झाल्यावर, सरकारी सवडीने येते. अनामत भरावी तर कर्ज, न भरावी तर छप्पर नाही.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, 2014 मध्ये तेलंगणात. सीमा बदलल्या, घरची भाषा बदलली नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी साहाय्य देणारी महाराष्ट्राची स्वाधार योजना आहे. पण ती या राज्याच्या रहिवाशांपुरती. पलीकडच्या मुलाने नागपुरात शिकायचे आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी तेलंगण सरकारचे दार ठोठावायचे!

मुलांना पुण्या-मुंबईस धाडणाऱ्या गोमंतकीय पालकांना ही विवंचना अपरिचित नाही. आमचे म्हणणे एवढेच, की शिष्यवृत्तीचा निर्णय सत्रारंभापूर्वी कळवावा. तोवर महाविद्यालयांनी वसतिगृहातील जागा अनामतीविना राखून ठेवावी. घरमालक सरकारी फायलीसाठी थांबत नसतो, आणि खोलीअभावी माघारी गेलेला विद्यार्थी बहुधा पुन्हा परतत नाही.