अडवणे आणि लावणे

मोर्चा निघाला की आम्ही म्हणतो, रस्ता 'अडवला'. गल्लीत मोटार रात्रंदिवस उभी असली की म्हणतो, गाडी 'लावली'. रस्ता दोघेही व्यापतात. दूषण मात्र एकाच्याच वाट्याला येते.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी शीवहून आझाद मैदानाकडे मध्यरात्रीनंतरच निघाले. सकाळी दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये, एवढाच हेतू. त्याच महिन्यात पुणे महापालिकेत रस्त्यावरील पार्किंगला शुल्क आकारण्याचे धोरण आले, तेव्हा आम्हा पुणेकरांपैकी अनेकांना तो घोर अन्याय वाटला.

सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात दिला. तो आम्हांस मान्य आहे. रुग्णवाहिकेची वाट कोणत्याही आंदोलनाने रोखू नये, हेही मान्य. परंतु 'बेमुदत' हे विशेषण आमच्या दारापुढील मोटारीलाच अधिक शोभते, हे आम्ही सोयीने विसरतो. मोर्चा कधीतरी पांगतो. मोटार तिथेच असते, आणि रुग्णवाहिका तिच्यापाशीही अडते.

भाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आम्ही मंडळींनी निदान क्रियापद तरी दोघांना एकच लावावे. मग वाद खुशाल घालावा.